आमच्या संगणकांचा अ‍ॅडमिन पासवर्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांना

सप्रेम नमस्कार.

मागच्या सोमवारी तिसऱ्या तासाला आठवीची मुलं संगणक कक्षात आली. चपला दाराबाहेर काढल्या, दोघादोघांनी एकेक पडदा धरला आणि पाच मिनिटांच्या आत मागून आवाज आला, "सर, आपलं रॅकेट कुठं गेलं जी?" रॅकेट म्हणजे मी गणिताच्या तासाला वापरतो ती प्रोग्रामिंग भाषा. जाऊन पाहिलं तर डेस्कटॉपवर चिन्ह नव्हतं, सी ड्राइव्हमध्ये फोल्डर नव्हतं, आणि शुक्रवारी मुलांनी जतन केलेल्या फायलीही नव्हत्या. शनिवारी तुमचा माणूस येऊन गेला होता. एका मशीनला व्हायरस लागल्याची तक्रार होती, म्हणून त्याने सगळ्याच मशीनवर मूळ इमेज, म्हणजे विंडोज आणि ठरलेल्या सॉफ्टवेअरची तयार प्रत, पुन्हा चढवली. त्याचा दोष नाही. त्याला नेमून दिलेलं काम त्याने केलं, तेही उन्हातान्हात पंचेचाळीस किलोमीटर मोटरसायकल हाणत येऊन. पण त्या इमेजमध्ये आमच्या मुलांचं वर्षभराचं काम बसत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. या शैक्षणिक वर्षात हे तिसऱ्यांदा घडलं.

मी पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका गावात गणित शिकवतो. संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे आहे आणि पासवर्ड तुमच्याकडे. असं का आहे तेही मला ठाऊक आहे. आयसीटी ॲट स्कूल ही शाळांत संगणक आणण्याची केंद्राची योजना डिसेंबर २००४ मध्ये आली तेव्हापासून शाळांमध्ये ठरावीक वर्षांच्या कंत्राटावर संगणक बसवण्याची पद्धत रुळली. कंत्राट असेपर्यंत यंत्रं पुरवणाऱ्याची, बिघाड झाला तर जबाबदारी त्याची, मग चावीही त्याच्याच हाती. चाळीस शाळांत चाळीस मास्तरांनी वाटेल ते टाकलं तर देखभाल अशक्य होईल, हे मला मान्य आहे. म्हणून मी पासवर्ड मागत नाही. पुढची मास्टर इमेज तयार कराल तेव्हा तिच्यात रॅकेट घाला आणि ते सर्व खात्यांना चालेल अशा रीतीने घाला, एवढंच मागतो. कसं घालायचं हे मी वर्षभर चुका करत शिकलो आहे. ते या पत्रात सविस्तर लिहितो, म्हणजे तुमच्या माणसाला पुन्हा तेच खड्डे लागायला नकोत.

आधी ही भाषा कोणती ते सांगतो, कारण तुमच्यापैकी एकाने मला फोनवर विचारलं होतं, "सर, हा काही गेम आहे का?" १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्प नावाची प्रोग्रामिंग भाषा मांडली. तिच्यातून १९७५ च्या सुमारास स्कीम ही आटोपशीर भाषा निघाली. नव्वदीच्या दशकात अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात मॅथायस फेलायझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं म्हणून स्कीमवर काम सुरू केलं. त्याचं नाव पीएलटी स्कीम होतं, २०१० मध्ये ते रॅकेट झालं. सोबत डॉक्टर रॅकेट नावाची खिडकी येते, वरच्या भागात लिहायचं आणि खालच्या भागात उत्तर पाहायचं. सगळं मोफत आणि मुक्त परवान्याचं आहे. ना नोंदणी, ना दरवर्षीचं नूतनीकरण.

जगात ही भाषा वापरणारे थोडे आहेत. आमच्या तालुक्यात तर कदाचित आम्हीच. तरी हीच हवी, कारण तिच्यात पहिल्या पायरीवरच्या मुलांसाठी मुद्दाम छोट्या केलेल्या भाषा आहेत, मी त्यांना विद्यार्थी भाषा म्हणतो. सर्वांत प्राथमिक भाषेत मोजक्याच गोष्टी करता येतात, त्यामुळे मूल चुकलं तर त्याला त्याच्याच पातळीवरचा निरोप मिळतो.

वर्गातला एक तास सांगतो. गेल्या डिसेंबरची गोष्ट, कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि अर्धा वर्ग गैरहजर. आलेल्यांपैकी एका मुलीची आई रोज वेचणीला जायची. तिने विचारलं, आईची मजुरी यात काढता येते का? मी म्हटलं, तूच सांग कशी काढतेस. ती म्हणाली, किलो गुणिले दर, त्यातून उचल वजा. मग तिने मराठी कळफलकावर एकेक अक्षर शोधत लिहिलं:

(- (* किलो दर) उचल)

रॅकेटमध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात. 'किलो', 'दर', 'उचल' ही नावं ते बिनतक्रार घेतं. अंक तेवढे इंग्रजीच लागतात, मराठी अंक लिहिले तर त्यांना ते नाव समजतं. (या पत्रात वाचायला सोपं जावं म्हणून मी अंक मराठीत लिहितो आहे.) तिने ४२ किलो, १० रुपये दर आणि १५० रुपये उचल असे आकडे घातले. मग मी तिला वरचं 'स्टेप' नावाचं बटण दाबायला सांगितलं. पडद्यावर आधी आलं (- (* ४२ १०) १५०). पुढच्या पायरीला आतला कंस सुटला आणि (- ४२० १५०) झालं. त्याच्या पुढच्या पायरीला उरले २७०. आम्ही फळ्यावर पदावली सोडवतो ती अशीच, एका ओळीखाली एक. 'कंचेभागुबेव' पाठ करूनही जी मुलं दरवर्षी आधी बेरीज करून मोकळी होतात, त्यांना इथे क्रमाचा प्रश्नच पडत नाही, कारण प्रत्येक क्रियेला स्वतःचा कंस असतो. आमची मुलं या भाषेला रॅकेट म्हणतच नाहीत. ती म्हणतात, कंसाची भाषा. कंस जास्तीचा झाला की तो लाल दिसतो, आणि शेजारचा लगेच ओरडतो, "ह्या कंसाले जोडीच नाही बे!"

त्या मुलीने २७० कडे पाहिलं आणि म्हणाली, "पण आईले तर अडीचशेच भेटले." तास संपला होता. तिने तो हिशोब वहीत उतरवून घरी नेला.

दुसरी गोष्ट अपूर्णांकांची. बापाची पाच एकर जमीन, तीन भाऊ, वाटणी किती? आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकातला नसतो, घरातला असतो. पायथॉनसारख्या अनेक प्रोग्रामिंग भाषा १.६६६ असं लांबलचक उत्तर देतात आणि शेवटचा आकडा गोल करतात. रॅकेटमध्ये ५ भागिले ३ हा पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांकच राहतो, तंतोतंत. विद्यार्थी भाषेत तो १.६ असा दिसतो आणि ६ वर आडवी रेघ येते. नववीच्या गणितात आवर्ती दशांशावर आपण देतो तीच ही रेघ. माउसचं उजवं बटण दाबून तो अपूर्णांकाच्या रूपातही पाहता येतो. मग ४० ने गुणलं की गुंठे निघतात, साडेसहासष्टच्या जरा पुढे, म्हणजे १ एकर २६ गुंठे आणि वर दोन तृतीयांश गुंठा. तो दोन तृतीयांश गुंठा कोणाचा, यावर वर्गात दहा मिनिटं भांडण झालं. गणिताच्या तासाला मुलं अपूर्णांकावरून भांडताना माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा पाहिली.

पायथॉनला माझा विरोध नाही. मोठ्या वर्गांना ती शिकवावीच. पण पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली की ०.३०००००००००००००००४ येतं, आणि तेरा वर्षांच्या पोराला मी त्या शेपटाचं कारण सांगत बसतो. ते कारण महत्त्वाचं आहे, पण पहिल्या दिवशीचं नाही. रॅकेटच्या विद्यार्थी भाषेत उत्तर ०.३ येतं.

आता इमेजचं सांगतो. हा भाग तुमच्या तांत्रिक माणसाने कृपया स्वतः वाचावा.

पहिली अडचण पहिल्याच दिवशी आली. मी विनंती केली होती म्हणून मागच्या वर्षी तुमच्या एका माणसाने रॅकेट उतरवलं, पण नेट मंद होतं, त्यामुळे त्याने 'मिनिमल' नावाची छोटी आवृत्ती घेतली. तिच्यात डॉक्टर रॅकेट नसतंच. मुलांनी चिन्हावर टिचकी मारली की काळी खिडकी उघडायची, तिच्यात एक रेघ लुकलुकायची आणि बाकी काही नाही. पूर्ण आवृत्ती घ्यावी. ती मोठी आहे, पण तिच्यात विद्यार्थी भाषा, चित्रं काढायची साधनं आणि सगळी मदतपुस्तिका ऑफलाइन असते. आमच्या गावात पाऊस आला की टॉवर जातो, तेव्हा ही मदतपुस्तिका आयुष्य सोपं करते.

दुसरी अडचण खात्यांची. मशीनवर दोन खाती आहेत, तुमचं प्रशासकाचं आणि मुलांचं 'स्टुडंट'. रॅकेटमध्ये जादा पॅकेज, म्हणजे वरून जोडायचा भाग, टाकताना साधी आज्ञा दिली की ते ज्या खात्यातून टाकलं त्याच खात्याच्या खासगी फोल्डरात जातं. तुमच्या खात्यात सगळं चालतं, मुलांच्या खात्यात 'सापडत नाही' असा निरोप. फोनवर तो माणूस सांगत राहिला, "सर, माझ्याकडे चालू आहे," आणि तो खोटं बोलत नव्हता. पॅकेज टाकताना त्याची व्याप्ती संपूर्ण इन्स्टॉलेशनसाठी आहे, असं आज्ञेत स्पष्ट सांगावं लागतं. 'स्कोप' हा पर्याय त्यासाठीच आहे. तो दिला की पॅकेज मूळ फोल्डरात बसतं आणि प्रत्येक खात्याला दिसतं. आम्हाला असं एकच पॅकेज लागतं, त्याचं नाव वेगळ्या कागदावर देतो.

तिसरी अडचण फ्रीझची. दर रीस्टार्टला मुलांच्या खात्यातल्या सेटिंग पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर तुम्ही लावलं आहे. चांगलं केलं, नाहीतर पेनड्राइव्हमधल्या व्हायरसनी कक्ष कधीच बंद पडला असता. पण डॉक्टर रॅकेट पहिल्यांदा उघडल्यावर विद्यार्थी भाषा निवडावी लागते, आणि ती निवड खात्याच्या फोल्डरात साठते. फ्रीझमुळे ती रोज पुसली जाते. मग रोज तासाची पहिली दहा मिनिटं मेन्यू उघडा, विद्यार्थी भाषांच्या यादीत जा, पहिली निवडा, हे सांगण्यात जातात. मेन्यू इंग्रजीत असल्यामुळे कोणी ना कोणी तिसऱ्याच भाषेत पोहोचतो. उपाय फुकटचा आहे. इमेज तयार करताना 'स्टुडंट' खात्यात एकदा लॉगिन करून भाषा निवडावी, खिडकी बंद करावी आणि मगच फ्रीझ लावावं. मला तो अधिकार नव्हता तेव्हा मी दुसरी वाट काढली. विद्यार्थी भाषेत जतन केलेल्या फायलीच्या डोक्यावर डॉक्टर रॅकेट स्वतःच त्या भाषेची नोंद करून ठेवतं. अशी एक रिकामी फाइल मी 'सुरुवात' नावाने प्रत्येक पडद्यावर ठेवली. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की भाषा आपोआप लागते. पण इमेज बदलली की 'सुरुवात'ही जाते.

मराठी कळफलकाचंही तेच. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो, फक्त तो मुलांच्या खात्यात चालू करावा लागतो. फ्रीझच्या आधी केला तर राहतो, नंतर केला तर संध्याकाळपर्यंतच.

चौथी अडचण माझ्या स्वतःच्या चुकीची, म्हणून ती जरा जास्त सांगतो. इमेज होईपर्यंत थांबायचं नव्हतं म्हणून मी घरच्या लॅपटॉपवरचं रॅकेटचं फोल्डर झिप करून पेनड्राइव्हवर आणलं आणि कक्षात उघडलं. फोल्डर जसंच्या तसं हलवलं तरी चालतं, पण ते चालता चालेना. डॉक्टर रॅकेट उघडायला इतका वेळ लागायचा की मुलं बाहेर जाऊन पाणी पिऊन यायची. मला वाटलं मशीनच जुनी. तीन रविवार शोधल्यावर कळलं की रॅकेट प्रत्येक मूळ फाइलसोबत तिची संकलित फाइल, म्हणजे यंत्राला झटपट चालवता येईल असं तयार रूप, ठेवतं, आणि संकलित फाइल मूळ फाइलपेक्षा जुनी दिसली तर तिच्यावर विश्वास न ठेवता सगळं नव्याने संकलित करत बसतं. झिप उघडताना फायलींच्या तारखा उलटसुलट झाल्या होत्या. विद्यार्थी खात्याला त्या फोल्डरात लिहायची परवानगी नाही, म्हणून नव्याने केलेलं संकलन साठतही नव्हतं. रोज पुन्हा शून्यापासून. प्रशासकाच्या खात्यातून 'राको सेटअप' ही आज्ञा एकदा चालवली की हे सगळं जाग्यावर येतं. पासवर्डअभावी ती मला चालवता आली नाही. इमेजच्या प्रती काढताना फायलींच्या तारखा जशाच्या तशा राहतात ना, एवढं पाहून घ्यावं.

आणि पाचवी गोष्ट यंत्रांची. आमच्या कक्षात एकेका सीपीयूला पाच पडदे जोडलेले आहेत, आत ४ जीबी रॅम. मुलं त्याला 'एक डबा पाच पोट्टे' म्हणतात. डॉक्टर रॅकेट अंगाने जड आहे. आमच्या मशीनवर टास्क मॅनेजरमध्ये एका खिडकीला तीनशे ते चारशे एमबी दिसतात. विंडोज आणि अँटीव्हायरसचा वाटा काढला की पाच खिडक्या एकदम मावत नाहीत, डबा अडकतो. तीन मावतात. म्हणून मी मुलांना दोघादोघांनी बसवतो आणि तीनच पडदे चालू ठेवतो, उरलेली मुलं आधी वहीत लिहितात आणि मग बदली करतात. यात मुलांचं नुकसान नाही, वहीत आधी लिहिणारी मुलं पडद्यावर कमी चुकतात असं मी पाहतो आहे. पण प्रत्येक डब्यात अजून ४ जीबी बसली तर सगळे पडदे पेटतील. ही मागणी वेगळी समजा, तिच्यासाठी इमेज अडवू नका.

मुलांच्या फायलींसाठी डी ड्राइव्हवर एक फोल्डर इमेजच्या आणि फ्रीझच्या बाहेर ठेवावा. भारनियमनाच्या दिवसांत यूपीएस शिट्ट्या मारायला लागला की मुलं धावत फाइल जतन करतात. परत वीज आल्यावर ती फाइल तिथे असावी.

तुमच्याकडून आलेल्या हरकतींपैकी दोनांनाच उत्तर देतो. एक, ही भाषा अभ्यासक्रमात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम यावेत असं म्हटलं आहे. त्या धोरणाने एखादी भाषा लादलेली नाही, आणि मी तर ती गणिताच्या तासाला, गणितासाठी वापरतो. दोन, या भाषेवर नोकरी मिळत नाही. आठवीच्या पोराला आज नोकरी नको आहे. त्याला 'एक्स म्हणजे काय' हे कळायला हवं आहे. ज्या मुलाने 'दर' नावाच्या जागी आज १० आणि उद्या ८ घालून पाहिलं, त्याला बीजगणितातलं चल मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

देखभालीचा भार तुमच्यावर येणार नाही. एका शैक्षणिक वर्षात एकच आवृत्ती ठेवू, मध्येच नवी मागणार नाही. रॅकेट स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे नेटवरही ओझं नाही. अडचण आली तर पहिला फोन मला करा. त्रुटीचे निरोप इंग्रजीत येतात, त्यातल्या नेहमी येणाऱ्या अकरा निरोपांचा मराठी अर्थ मी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला आहे. "उघड्या कंसानंतर क्रिया हवी होती, सापडली संख्या," हा त्यातला सर्वांत जास्त वाचला जाणारा. दुसऱ्या शाळांना हवा असेल तर त्याचा फोटो देतो.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मे महिन्यात तुमची माणसं सगळ्या शाळांमध्ये नवीन इमेज चढवायला निघतात, हे मला माहीत आहे. त्याआधी एक दुपार मला तुमच्या कार्यालयात बोलवा, किंवा तुमचा माणूस इकडे पाठवा. पूर्ण आवृत्तीची फाइल मी तालुक्याला जाऊन उतरवून पेनड्राइव्हवर तयार ठेवली आहे. मे महिन्यात मी गावातच असतो. कक्षाला पत्र्याचं छप्पर आहे, दुपारी आत बसवत नाही, तेव्हा सकाळी सातला या. किल्ली घेऊन मी दारात असेन.

आपला,
संगणक कक्ष सांभाळणारा एक गणित शिक्षक